परदेशी शिष्यवृत्त्यांची अर्धवट आखणी

महोदय,

सरकारी खर्चाने विद्यार्थी परदेशी पाठवण्याची योजना आली की आधी आकडा जाहीर होतो. ब्राझीलने 2011 मध्ये ‘सीमांविना विज्ञान’ योजना अशीच आणली: 1 लाख 1 हजार शिष्यवृत्त्या, त्यांपैकी 75 हजार सरकारी. तीन-चतुर्थांशाहून अधिक वाटा पदवीच्या मुलांकडे गेला आणि घोळ तिथेच झाला. इंग्रजी कच्चे, म्हणून पुष्कळांनी आपलीच भाषा चालणारा पोर्तुगाल निवडला. 2013 मध्ये तो देश यादीतून वगळावा लागला. त्यात चलन घसरले. 2011 मध्ये डॉलरला दीड-पावणेदोन रिआल पडत, 2015 मध्ये चारच्या घरात. शुल्क डॉलरमध्ये, तरतूद रिआलमध्ये! 2017 मध्ये योजना गुंडाळली गेली.

पदवीच्या मुलाचे खरे नुकसान क्रेडिटमध्ये, म्हणजे विषय पूर्ण केल्यावर मिळणाऱ्या श्रेयांकांत होते. तिकडे घेतलेला विषय इकडच्या कोणत्या विषयाऐवजी धरायचा, हे परतल्यावर ठरवायला बसले की अभ्यासमंडळ तासिका मोजते, प्रात्यक्षिकांची वही मागते आणि एक सत्र वाया जाते. युरोपच्या इरॅस्मस योजनेत विद्यार्थी आणि दोन्ही विद्यापीठे निघण्याआधीच अध्ययन-करारावर सह्या करतात. तिकडे विषय बदलला, तर करारही तेव्हाच बदलून घ्यायचा.

संशोधनाला जास्त उपयोग होतो तो पीएचडीच्या मधल्या टप्प्यात, प्रश्न पक्का झाल्यावर पाठवण्याचा. मुदत सहा महिन्यांहून कमी नसावी. घर, बँक खाते, सुरक्षा-प्रशिक्षण, यंत्र हाताळण्याची परवानगी यांतच पहिले काही आठवडे जातात. जैविक नमुने न्यायचे असतील तर हस्तांतरण-करार आणि आयात-परवाना आधी हातात हवा. नाहीतर विद्यार्थी पोचतो, नमुने सीमाशुल्काच्या गोदामात अडकतात आणि कोरडा बर्फ उडून गेला की खराब होतात. मोजमापांची कच्ची नोंद कोणाकडे राहणार, शोधनिबंधावर नावे कोणाची, हेही लेखी असावे. तोंडी शब्दावर विसंबलेले मार्गदर्शक नंतर भांडतात.

राहिले परतीचे हमीपत्र. त्याने माणूस परत येतो, काम येतेच असे नाही. ज्या यंत्रावर तो शिकला ते इथे नसेल, तर ते तंत्र दोन वर्षांत हातातून जाते. म्हणून मंजूर रकमेतूनच परतीनंतरच्या पहिल्या वर्षाचे अनुदान बाजूला काढावे आणि यजमान प्रयोगशाळेतल्या यंत्राचा वेळ आधीच बांधून घ्यावा. त्यापायी जाणाऱ्यांची संख्या घटली, तर घटू द्यावी.

– एक वाचक