ताई, तुम्ही अकरा शहरांची पाच केलीत!

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

आभार फोनवर मानता आले असते. पण तुम्ही जे शिकवलंत ते मराठीत एका जागी लिहिलेलं मला कुठे सापडलं नव्हतं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. जर्मनीत एकट्याने रेल्वेने फिरायचं ठरवणाऱ्या प्रत्येकाला तुमच्यासारखी ताई भेटेलच असं नाही.

चौदा रात्रींत अकरा शहरं असा माझा कागद तुम्ही पाहिलात आणि पहिला प्रश्न विचारलात, "बॅग किती वेळा उचलणार आहेस?" तिथेच सगळा आराखडा बदलला. आता कोलोन तीन रात्री, हँबुर्ग तीन, बर्लिन चार, म्युनिक तीन आणि शेवटची एक रात्र फ्रँकफर्टला. बाकीची गावं बॅग हॉटेलवर ठेवून, सकाळी जाऊन रात्री परत यायची: हँबुर्गहून ल्यूबेक, बर्लिनहून पॉट्सडाम, म्युनिकहून फ्युसेन. लांब पल्ल्याचे प्रवास पाचच उरले, आणि महागडी तिकिटंही तेवढीच.

खरेदीचा क्रम तुम्ही ठरवून दिलात, त्याचे आभार सगळ्यात आधी. स्वस्त तिकीट दिसलं की हात शिवशिवतो. पण "सुपर श्पारप्राइस" हे सर्वांत स्वस्त तिकीट रद्द होत नाही, आणि व्हिसा लांबला तर ते पैसे गेलेच. म्हणून आधी फुकट रद्द करता येतील अशी हॉटेलं, मग किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा, मग ९० युरो शुल्क भरून शेंगेन व्हिसाचा अर्ज. हा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावा लागतो. पासपोर्टवर व्हिसा चिकटल्यावरच रेल्वेची तिकिटं. अर्जासोबत दिवसवार कार्यक्रम जोडायचा असतो. त्यात कुठल्या दिवशी कुठून कुठे रेल्वेने, एवढं लिहिलं की काम भागतं, त्यासाठी तिकीट काढून ठेवण्याची घाई नको, हे तुमच्याकडूनच कळलं. तिकिटं काढण्याआधी कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून घ्यायचे, आणि ओटीपी भारतीय नंबरवर येतो म्हणून मोठी तिकिटं घरूनच काढायची, हेही.

तिकिटांचे तीन प्रकार तुम्ही ज्या सोप्या भाषेत सांगितलेत तसे इथे लिहिते. सुपर श्पारप्राइस स्वस्त, पण ठरलेल्या गाडीलाच बांधलेलं. श्पारप्राइसही बांधलेलंच, मात्र प्रवासाच्या दिवसाआधी शुल्क कापून रद्द करता येतं. फ्लेक्सप्राइस महाग, पण त्या दिवशी कुठल्याही गाडीने जा. गाडीला बांधलेलं असण्याला तिथे "त्सुगबिंडुंग" म्हणतात, आणि ती गाठ कधी सुटते हे माहीत असणं फार मोलाचं आहे. मुक्कामाच्या स्थानकावर २० मिनिटं किंवा त्याहून जास्त उशिरा पोचणार असं दिसलं, की त्याच तिकिटावर दुसऱ्या गाडीने जायला मुभा मिळते. मात्र सगळा प्रवास एकाच तिकिटावर हवा. पहिला टप्पा एका तिकिटावर आणि पुढचा दुसऱ्यावर असेल, तर मधली गाडी चुकल्याचा भार आपल्यावर येऊ शकतो. मुक्कामाला ६० मिनिटं उशीर झाला तर एकेरी भाड्याच्या २५ टक्के आणि १२० मिनिटांना ५० टक्के भरपाई मागता येते. अर्ज तीन महिन्यांच्या आत, जर्मन रेल्वेच्या ॲपवरूनही होतो.

"जर्मन गाड्या घड्याळासारख्या" हा आपल्याकडचा समज तुम्ही मायेने, पण ठामपणे मोडलात. २०२४ साली लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी फक्त ६२.५ टक्के वेळेवर होत्या, आणि "वेळेवर" म्हणजे सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर. कारण तुम्ही सांगितलंत ते पटलं: जुने रूळ, जुने सिग्नल, आणि त्याच रुळांवर आयसीई ही वेगवान गाडी, मालगाडी आणि लोकल, सगळ्यांची दाटी. एक अडकली की मागच्या साऱ्या अडकतात. आता दुरुस्तीसाठी अख्खे मार्ग बंद ठेवतात. फ्रँकफर्ट-मानहाइम मार्ग २०२४च्या जुलैच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत बंद होता, आणि हँबुर्ग-बर्लिन मार्ग १ ऑगस्ट २०२५ पासून कित्येक महिन्यांसाठी बंद केला गेला. म्हणून तारखा पक्क्या करण्याआधी आपल्या मार्गावर काम आहे का हे पाहायचं. वेळापत्रकात "शिनेनएरझात्सफेरकेर" किंवा नुसतं एसएफाउ (SEV) दिसलं, तर त्या टप्प्यावर रेल्वेऐवजी बस धावते, आणि तिचा थांबा बहुधा स्थानकाबाहेर असतो.

यातूनच तुमचा सर्वांत कामाचा सल्ला आला. जर्मन रेल्वेचं डीबी नॅव्हिगेटर ॲप सहा-आठ मिनिटांतही गाडी बदलायला सांगतं. कागदावर ते जमतं, फलाटावर जमेलच असं नाही. शोधताना पर्यायांत जाऊन गाडी बदलण्याचा किमान वेळ वाढवायचा. तुम्ही २५ मिनिटं सांगितलीत, तीच मी ठेवली आहेत. तिथेच मधलं स्थानक आणि थांबण्याचा अवधीही घालता येतो. बर्लिन-म्युनिक तिकीट काढताना न्यूर्नबर्ग घालून तीन तास थांबा दिला, तर एकाच तिकिटात न्यूर्नबर्गचं जुनं गाव पाहून होतं. बॅग स्थानकावरच्या लॉकरमध्ये. जर्मनीत याला "श्लीसफाख" म्हणतात, आणि बऱ्याच ठिकाणी तो नाण्यांवर चालतो, म्हणून सुटे युरो जवळ हवेत.

विमानतळावरून पहिल्या टप्प्याला गाडीला बांधलेलं तिकीट घ्यायचं नाही, कारण विमानाला उशीर होतोच आणि तो रेल्वेच्या हिशेबात धरला जात नाही. तिथे फ्लेक्सप्राइस. शेवटी उलट: विमानाच्या आदल्या संध्याकाळी फ्रँकफर्टला पोचून तिथेच झोपायचं. त्या एका रात्रीच्या भाड्यावर मी कुरकुरत होते. "चुकलेल्या विमानाचं तिकीट किती?" एवढंच तुम्ही विचारलंत.

छोट्या फेऱ्यांसाठी डॉइचलांड-टिकेट, म्हणजे देशभर चालणारं महिन्याचं तिकीट. मे २०२३ मध्ये ते ४९ युरोला सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं आणि जानेवारी २०२६ पासून ६३ आहे. देशभरातल्या लोकल, मेट्रो, ट्राम, बस आणि प्रादेशिक गाड्या, म्हणजे आरई, आरबी, एस-बान, त्यात येतात. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्या येत नाहीत. यात दोन खड्डे आहेत. ते कॅलेंडरच्या महिन्याचं असतं. २५ मे ते ६ जून असा प्रवास केला तर दोन महिन्यांचे पैसे जातात, म्हणून शक्य तर सगळी सहल एकाच महिन्यात बसवायची. दुसरं, हे वर्गणीसारखं आपोआप पुढे चालू राहतं. महिनाअखेर बंद व्हायला हवं असेल तर त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करावं लागतं. १२ तारखेला घेतलं तर पुढच्या महिन्याचेही पैसे कापले जातात. महिना सुरू होण्याआधी घेऊन लगेच रद्द करून ठेवायचं, तो महिना वापरता येतोच. काही विक्रेते युरोपातलं बँक खातं मागतात, काही क्रेडिट कार्ड घेतात, तेवढं बघून घ्यायचं.

रेल्वे पासबद्दल तुमचं मत स्पष्ट होतं आणि मला ते पटलं. रोज सकाळी उठून कुठे जायचं ते ठरवणाऱ्याला पास बरा. शहरं ठरलेली असतील तर आधी काढलेली श्पारप्राइस तिकिटं आणि डॉइचलांड-टिकेट हीच जोडी स्वस्त पडते.

ऱ्हाइनचा तो दिवस तर तुम्ही नकाशावर बोट ठेवून आखून दिलात. कोलोनहून दक्षिणेला जाताना ॲप आधी आयसीई दाखवतं. तो २००२ साली सुरू झालेला, ताशी ३०० किलोमीटरचा नवा मार्ग. डोंगरांतून, बोगद्यांतून झटकन फ्रँकफर्टला नेतो, आणि नदी दिसतच नाही. म्हणून शोधताना फक्त प्रादेशिक गाड्या निवडायच्या आणि मध्ये कोब्लेन्झ घालायचं. डाव्या तीरावरून जाणारी गाडी घेऊन दक्षिणेकडे जाताना डाव्या हाताची खिडकी धरायची, नदी सगळा वेळ त्याच बाजूला. कोब्लेन्झ सोडलं की द्राक्षांचे उतार आणि किल्ले सुरू होतात, सांक्ट गोआरनंतर समोरच्या काठावर लोरेलाईचा कडा, मग काउब गावासमोर नदीच्या मधोमध बेटावर उभा छोटा पांढरा किल्ला. उजवीकडे बसलं तर हे सगळं दुसऱ्याच्या डोक्यावरून बघावं लागतं.

स्थानकांची तुमची माहिती म्हणजे सोनंच. म्युनिक हाउप्टबानहोफचे, म्हणजे मुख्य स्थानकाचे, मुख्य फलाट ११ ते २६. पण २७ ते ३६ हे बाजूच्या श्टार्नबेर्ग भागात, बरंच आत चालत गेल्यावर. फ्युसेन किंवा गार्मिशला जाताना "फलाटावर आलेच आहे" म्हणून कॉफी घेत बसलेल्यांची गाडी तिथेच चुकते. दहा मिनिटं जास्तीची धरायची. बर्लिनला १ ते ८ तळघरात, ११ ते १६ वर. काही आयसीई कोलोनच्या मुख्य स्थानकाऐवजी नदीपलीकडच्या मेसे/डॉइट्झला थांबतात. कासेलला आयसीई विल्हेल्म्सह्योए नावाच्या स्थानकावर थांबते. आणि फ्रँकफर्ट दोन आहेत, एक माइन नदीवर, दुसरं पोलंडच्या सीमेवर ओडर नदीवर. तिकिटावर "माइन" आहे ना, हे बघितल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत.

फलाटावर ए, बी, सी अशी अक्षरं टांगलेली असतात, आपला डबा कुठल्या अक्षरापाशी येणार ते ॲपमध्ये आणि फलकावर दिसतं. घोषणेत "उमगेकेर्टे वागनरायुंग" ऐकू आलं, की डब्यांचा क्रम उलटा, लगेच दुसऱ्या टोकाकडे चालू लागायचं. काही गाड्या मध्येच दोन होतात. बर्लिनहून कोलोनकडे येणाऱ्या बऱ्याच आयसीई हाम स्थानकात तुटतात, म्युनिकहून गार्मिशला जाणाऱ्या काही टुट्झिंगला. चुकीच्या अर्ध्यात बसलं तर भलत्याच गावी पोचतो, म्हणून डब्यावरचं गंतव्य वाचूनच चढायचं. "फेल्ट आउस" म्हणजे रद्द, "ग्लाइस" म्हणजे फलाट, "फेरश्पेटुंग" म्हणजे उशीर. एवढे शब्द मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहेत.

बाकी छोट्या सूचना. यंत्रावरून काढलेलं कागदी स्थानिक तिकीट बऱ्याच शहरांत ठसा मारण्याच्या पेटीत घालावं लागतं. फलाटावर जाताना अडवणारं कुणी नसतं, पण तपासनीस आला आणि ठसा नसला तर ६० युरो दंड. रविवारी दुकानं बंद, मोठ्या स्थानकांतली उघडी. प्लास्टिकच्या बाटलीवर बहुधा २५ सेंट अनामत असते, ती रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घालून परत मिळते. बॅग स्वतः उचलून डब्यात ठेवता येईल एवढीच, कारण हमाल नाहीत आणि लिफ्ट बंद असू शकते.

ताई, हे सगळं तुम्ही कामावरून थकून आल्यावर, रात्री जागून समजावलंत. माझ्या प्रत्येक भाबड्या प्रश्नाला उत्तर दिलंत, आणि निर्णय मात्र माझ्यावर सोडलात. एकटीने जायची भीती तुम्ही कधी "काही होत नाही गं" म्हणून उडवून लावली नाहीत. गाडी चुकली तर काय करायचं ते दाखवून दिलंत. त्याचे आभार कसे मानू!

बर्लिनला भेटायला येताना गोडा मसाला आणि मेतकूट आणतेय. पेढे आणि साजूक तूप आणता येणार नाही, बाहेरून दुधाचे पदार्थ युरोपीय संघात न्यायला मनाई आहे. त्याऐवजी पातळ पोह्यांचा चिवडा चालेल ना? डबा छोटाच ठेवते, बॅग मलाच उचलायची आहे.

तुमची,
पहिल्यांदाच एकटी निघालेली धाकटी बहीण