रागावायच्या आधी पुरतं वाचा

नागपूर,
८ मार्च

ती. आई आणि बाबांस,
बेबीचा साष्टांग नमस्कार.

फोन असताना पत्र काहून, असं आई म्हणेलच. फोनवर आपलं बोलणं पुरं होतं कुठं? मी मुद्द्यावर आले की बाबा "घे, तुह्या मायशी बोल" म्हणून फोन देऊन टाकतात, आणि आई वांग्याच्या भावावरून जी सुरू होते ती वसंताकाकांच्या म्हशीपर्यंत जाते. शिवाय यातलं काही तोंडानं सांगायची माझी छाती होत नाही. आई, मशीन कानात घालून बस. बाबा, चष्मा लावून मोठ्यानं वाचा, मधलं गाळू नका. रागावायचं ते शेवटी.

आम्ही सगळे बरे आहोत. पोरांच्या परीक्षा सुरू आहेत. उन्हं आतापासूनच चटके देतात, कूलरला नवा वाळा लावला.

अखजी आली की आईच्या कानाच्या मशीनला वर्ष होईल. ती पहिली रात्र आठवते का? अवकाळी पाऊस आला, कोठ्याच्या टिनांवर ताडताड वाजायला लागला, आणि आई उठून सपरीत येऊन बसली. मला वाटलं गारांची भीती वाटली असेल. तर म्हणाली, "मले वाटे, अलीकडं पाऊसच हळू येते." आई, त्या एका वाक्यानं मी रात्रभर जागी होते, तुला सांगितलं नाही. आठ वर्षं तुझ्या कानात पाऊस हळू येत होता आणि आम्हाला वाटायचं, म्हातारपण आहे, चालतेच. लग्नात तू नुसती हसून मान हलवायचीस. माझ्या नणंदेनं "तब्येत कशी?" विचारलं तर तू "हो, जेवले" म्हणालीस, सगळे हसले, त्यात मीही हसले. दोन माणसं हळू बोलली की तुला वाटायचं तुझ्याबद्दलच बोलतात, मग तू रुसून चुलीपाशी जाऊन बसायचीस. तपासणीची चिठ्ठी २०१६ सालची होती. आलमारीत, माझ्याच लग्नाच्या पत्रिकांखाली सापडली. कोणी ठेवली ते नको विचारू. मीच ठेवली होती.

आपल्या घरात गरजेची गोष्ट उशिराच येते. संडास बांधला तो आजीचं तसं झाल्यावर. उज्ज्वलाचा गॅस आला तोपर्यंत आईचा खोकला घरातल्या माणसासारखा झाला होता. आणि तो गॅसही पाहुण्यांच्या चहापुरता! भाकर अजून चुलीवरच, काहून तर गॅसवरची गोड लागत नाही. आई, तुझ्या हातची भाकर कशावरही गोडच लागते, हे मी लाडीगोडी लावायला म्हणत नाही. बरं, थोडी लावतेच आहे.

माझंही तुम्हाला सांगितलं नव्हतं. घाबराल म्हणून. मागच्या पावसाळ्यात रक्तदानाच्या शिबिरात गेले, तर त्यांनी रक्त घेतलंच नाही. बीपी १७०/१०५. मी म्हटलं, मशीन बिघडलं असेल. त्यांनी दुसऱ्या मशीननं मोजलं, तेच. मला तर काही होतही नव्हतं. डोकं दुखायचं ते मी ऑफिसच्या नावावर टाकत होते. डॉक्टर म्हणाले, कधीपासून आहे सांगता येत नाही, कारण बीपी दुखत नाही की खुपत नाही. आतल्या आत मेंदूच्या, हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या नसांना मार बसत राहतो. आता रोज एक गोळी घेते आणि सकाळी सहाला अंबाझरीच्या काठानं पाऊण तास चालते. गेल्या महिन्यात १३०/८२ होतं. घाबरायचं काही कारण नाही, खरंच नाही. फक्त वाटतं, पाच वर्षं आधी कोणी हाताला ती पट्टी बांधली असती तर. कोणी म्हणजे काय, मीच. ऑफिसच्या खाली औषधांचं दुकान आहे, तिथं पन्नास रुपयांत मोजून देतात. पाच वर्षं मी त्याच दुकानातून डोकेदुखीच्या गोळ्या घेत होते.

बाल्यानं सांगू नको म्हटलं होतं, पण एवढं लिहिलं तर तेही लिहिते. त्यानं तो सुपारी-तंबाखूचा खर्रा सोडला. तीन महिने झाले. दिवाळीत तो पुरणपोळीचे बारीक तुकडे करून खात होता, आईला वाटलं पोरगं शहरी झालं. त्याचं तोंड उघडत नव्हतं. तीन बोटं उभी जायला पाहिजेत, त्याची दोन मुश्किलीनं जात होती. सुपारीनं गालाची आतली कातडी दोरीसारखी कडक होते. झालं ते पहिल्यासारखं होत नाही, पण सोडलं तर पुढचा मोठा धोका कमी होतो. सेवाग्रामला दाखवलं, कॅन्सर नाही. पुन्हा लिहिते, कॅन्सर नाही. आई, रडू नको. बाबा, लहानपणी तुम्ही त्याला पानठेल्यावर पुडी आणायला पाठवायचे ते आता मनाला लावून घेऊ नका. सगळ्यांचेच बाप पाठवायचे. त्याच्याशी बोलाल तेव्हा यातलं काही माहीत आहे असं दाखवूही नका. नुसतं म्हणा, "आवाज चांगला वाटून राहिला तुहा." त्याला समजते.

आता मुख्य गोष्ट.

नाल्यापलीकडचं तीन एकर मी या सालापुरतं मक्त्यानं दिलं आहे. बाल्याला विचारून दिलं, पण बोलणं मी केलं आणि शब्द मी दिला, तेव्हा त्याच्यावर ओरडू नका. एकरी बारा हजार ठरले, निम्मे पाडव्याला तुमच्या खात्यावर येतील. सातबारा तुमच्याच नावावर राहील. एका सालाचा कागद होईल, त्यावर सही तुमचीच लागेल, म्हणजे तुम्ही नाही म्हटलं तर मोडतं. पण बाबा, नाही म्हणू नका.

पोळ्यानंतरचा तो दिवस मी विसरू शकत नाही. भर दुपारी, वारा सुटलेला, पंप पाठीवर, तोंडाला नुसता दुपट्टा. धुऱ्यावर तुम्ही आडवे पडले आणि तासभर कोणाला पत्ता नाही. मला फोन आला तेव्हा मी बसमध्ये उभी होते. दवाखान्यात पोचले तर तुम्ही सलाईन लावलेल्या हातानंच "मले काई नाई झालं" म्हणत होते, आणि तोंडाला फेस आलेला. २०१७ साली यवतमाळकडे फवारणीच्या विषबाधेनं वीसेक माणसं गेली, तेव्हा सपरीत बसून पेपर वाचत तुम्हीच म्हणाला होता, "बिना हातमोज्यानं फवारते, मंग काय होईन?" तुमच्या हातात कधी हातमोजे होते, बाबा? त्या दिवशी तुमचं बीपीही भलतंच वाढलेलं निघालं, कारण गोळी तुम्ही दोन महिन्यांपासून बंद केली होती. "बरं वाटते" म्हणून. अहो, गोळीनंच बरं वाटत होतं ना!

तुमची हिशोबाची वही मी दिवाळीत पाहिली. विचारून पाहायला पाहिजे होती, चुकलंच. त्या तीन एकरात बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी सगळं वजा करून तुम्ही खाली जो आकडा लिहून त्याला गोल केला होता, तो मक्त्यापेक्षा कमी आहे. त्यात तुमचे स्वतःचे दिवस कुठं धरले होते? बोंडअळीच्या साली तर त्या पानावर तुम्ही काहीच लिहिलं नाही, कोरं सोडलं. मी आकडेमोड करून तुम्हाला हरवत नाही. तुम्हाला माहीतच आहे सगळं. मलाच बोलायला धीर यावा म्हणून आकडे काढले.

विहिरीजवळचं दोन एकर तुमचंच. तिथं तूर लावा, हरभरा लावा, आईला वांगी, मिरची, कोथिंबीर लावा. बैलजोडी ठेवायची की नाही ते तुम्ही ठरवा, त्यात मी पडणार नाही. आंब्याखाली खाट टाकून पडा. तुम्ही निकामी झाले असं मला म्हणायचं नाही. शहरात लोक मला सांगतात रोज चालत जा, आणि मी माझ्या बापाला सांगते जरा बसा. तुम्ही तर जन्मभर चालले. मला खांद्यावर घेऊन भादव्यातल्या भरल्या नाल्यातून काढलंत, शाळा बुडू नये म्हणून. मी वरून तुमची टोपी घट्ट धरून होते आणि तुम्ही खालून विचारत होते, "बेबे, पाटी हाये का हातात?" सपरीत कापसाचा ढीग असायचा, आम्ही दोघं त्यात लोळायचो, रात्रभर अंग खाजायचं आणि आई खोबरेल लावत शिव्या द्यायची. त्या ढिगाचा वास मला अजून झोपेत येतो. म्हणूनच पऱ्हाटी सोडा म्हणताना माझाही जीव अडकतो. बाजारात कापसाची गाडी दिसली की आजही मी हात घालून पाहते.

बरं. आता हुकूम.

मंगळवारी मिस्त्री येईल, संडासात कमोड बसवून भिंतीला धरायला दांडा लावेल. पैसे दिले आहेत. आई, "मले नाई जमत तसं बसणं" हे आठ दिवस म्हण, नवव्या दिवशी गुडघेच सांगतील. मिस्त्रीला जेवू घाल, पण सिमेंट किती टाकावं ते शिकवू नको.

बाबांची गोळी सकाळच्या चहासोबत. आई, तू हातात देजो आणि गिळेपर्यंत समोर उभी राहजो. आशाताईकडून पंधरा दिवसांनी बीपी मोजून घ्या, दोघांचंही, आणि वहीत लिहा. हिशोबाच्या वहीतच लिहा, ती तुम्ही जपून ठेवता. १४०/९०च्या वर दोनदा आलं तर मला फोन, बाल्याला नाही, तो घाबरतो.

मीठ. आई, इथं माझ्याशी भांडू नको. एका माणसाला दिवसाला चहाच्या चमच्याएवढं, पाच ग्रॅम, त्याहून कमीच बरं. म्हणजे तुम्हा दोघांना महिन्याला तीनशे ग्रॅम. आपल्याकडं किलोचा पुडा महिना पुरत नाही, आणि पापड, लोणचं, दह्यातल्या मिरच्या तर मी धरल्याच नाहीत. मिरच्या बंद कर म्हणत नाही. रोजच्या दोन होत्या त्या रविवारच्या दोन कर. जवसाची चटणी बिनमिठाचीही चांगली लागते, मी करते. चांगली म्हणजे, लागते.

बाबा आता ७१ चे आहेत. सत्तरीच्या वरच्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मानमध्ये वर्षाला पाच लाखांपर्यंतचा इलाज आहे, उत्पन्न कितीही असो. आधार कार्ड आणि मोबाइल घेऊन जा, कार्ड काढून घ्या. "आपल्याले कायले लागते दवाखाना" हे वाक्य या घरात आता बंद. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदूही पिकायची वाट पाहत बसू नका. पिकू द्यायचा हा जुना हिशोब आहे, दिसायला त्रास होतो तेव्हाच काढतात. पाडव्यानंतर सेवाग्रामला जाऊ. मी सुट्टी टाकली आहे. एस.टी.त तुम्हा दोघांनाही अर्धं तिकीट, आणि मलाही अर्धंच, तेव्हा खर्चाचं काढू नका.

दुपारी बारा ते चार वावरात जायचं नाही. दोन एकर असलं तरी नाही.

मी पाडव्याच्या आदल्या दिवशी येते. आई, तुरीची डाळ भरडून ठेवजो, आणि मी आल्यावर "वाळली" म्हणू नको. वाळले नाही, चार किलो मुद्दाम कमी केले. बाबा, तुम्ही रागात असले तर फाटकापाशी येऊ नका, सपरीतच बसा, मी येईन आत. पण बोला माझ्याशी. नाही बोलले तरी गोळी घ्या.

तुमची,
बेबी

ता. क. : बाबा, दिवाळीपासून फवारणीच्या पंपाचं नोजल सापडत नाही म्हणून तुम्ही वसंताकाकांच्या गजूवर संशय घेता, बोलणंही बंद केलं म्हणे. वावर मक्त्यानं घेणारा तोच गजू आहे. नोजल त्यानं नेलं नाही. ते माझ्या स्वयंपाकघरात, चहाच्या डब्यामागं आहे. येताना घेऊन येते, पण देणार गजूला.