वणव्याआधी घराभोवतालचं आवरू या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फेब्रुवारी लागला की सातपुड्यातल्या वणव्यांच्या बातम्या सुरू होतात. किती जंगल जळालं, आग कधी आटोक्यात आली, एवढं छापून येतं. पण यावल, रावेर, चोपडा, शिरपूर, शहादा, धडगाव या तालुक्यांत जंगलाला खेटून असलेल्या गावांनी आणि पाड्यांनी आपली घरं कशी राखावीत, याबद्दल कुणी बोलत नाही. वणवा म्हणजे वन खात्याचं काम, असं धरून आपण बसतो.

आगीचा लोळ दारापर्यंत आला तरच घर पेटतं, हा समज आधी सोडायला हवा. जळता पाला आणि ठिणग्या वाऱ्यावर बऱ्याच पुढे उडतात. त्या वळचणीत, कौलांच्या फटीत, गंजीवर पडतात आणि जंगलातली आग पुढे निघून गेल्यावरही घर पेट घेतं. अमेरिका-ऑस्ट्रेलियात वणव्यात जळालेल्या घरांचा अभ्यास झाला, त्यातही हेच दिसलं. म्हणून अमेरिकेत लोकांना सांगतात की, भिंतीपासून पहिल्या पाच फुटांत जळणारं काही ठेवू नका आणि तीस फुटांपर्यंत वाळलेलं गवत, पाला साफ ठेवा.

आपल्याकडे त्याच पाच फुटांत काय असतं? पऱ्हाट्या, तुराट्या, सरपण, गोवऱ्या, ठिबकच्या जुन्या नळ्यांची वेटोळी. आणि भाव वाढेल या आशेने घरातच भरून ठेवलेला कापूस! त्यात एक ठिणगी गेली तर घर वाचवणं अशक्य. शेतकऱ्याची अडचण मला कळते, पण निदान त्या खोलीच्या खिडक्या आणि कौलांच्या फटी बंद कराव्यात. कडब्याची गंजी घरापासून आणि गोठ्यापासून लांब रचावी, तिच्याभोवती वखराचे चार फेरे मारून जमीन मोकळी ठेवावी. टेकडीवरच्या पाड्यांनी उताराची खालची बाजू आधी साफ करावी, कारण चढावर आग फार वेगाने धावते.

पाण्याचंही तसंच. आगीत तारा तुटल्या किंवा वीज बंद केली की विहिरीवरची मोटर असून नसल्यासारखी. टिपाडं भरून, झाकून ठेवावीत. फवारणीचा पाठीवरचा पंप आता बहुतेक घरी असतो. तो स्वच्छ धुऊन, पाणी भरून तयार ठेवला तर छपरावर पडलेली ठिणगी विझवायला फार उपयोगी पडतो.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती माणसांची. नंदुरबारच्या डोंगराळ भागातली कितीतरी कुटुंबं या दिवसांत ऊसतोडीला गुजरातेत असतात. पाड्यावर उरतात म्हातारी माणसं आणि लेकरं. दुपारी आग लागली तर आजीला कोण उचलणार, लेकरं कुणाबरोबर निघणार, गुरं कोण सोडणार, हे आधीच ठरलेलं हवं. गोठ्यात विळा अडकवलेला असावा; घाबरलेल्या जनावराच्या दाव्याची गाठ सुटत नाही. जमायची जागाही सगळ्यांना माहीत हवी: नांगरलेलं वावर किंवा नदीचं रुंद, रेताड पात्र. डोंगर चढून पळायचं नाही. अंगावर सुती कपडे असावेत, नायलॉनचे नकोत. सातबारा, आधार, रेशनकार्ड एकाच पिशवीत ठेवावं आणि त्यातही वनपट्ट्याची कागदं आधी. वर्षानुवर्षं खेटे घालून मिळालेला पुरावा एकदा जळाला की पुन्हा उभा करणं किती अवघड, ते ज्याचं त्याला ठाऊक.

आग लागूच नये यासाठीही करण्यासारखं आहे. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला पेटवण्याऐवजी झाडून काढता येतो किंवा खाली जुनी लुगडी अंथरता येतात. बांध पेटवणाऱ्या आम्हा शेतकऱ्यांनी तर एकट्या आदिवासींकडे बोट दाखवूच नये.

२६ जानेवारीची ग्रामसभा नेमकी या हंगामाच्या तोंडावर येते. जंगलालगतच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने त्या दिवशी हा विषय घ्यावा, एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी करावी, आणि होळीला मजूर घरी परततात तेव्हा त्यांच्यासमोर सगळं पुन्हा सांगावं. आपल्या दैनिकालाही विनंती आहे की, फेब्रुवारी ते जून या काळात वन खात्याचा १९२६ हा टोल फ्री क्रमांक आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक जिल्हा पानावर रोज ठळक छापावा.

आपला,
एक शेतकरी वाचक,
ता. यावल, जि. जळगाव