मंत्रिमहोदय, संध्याकाळी शाळेचं कुलूप काढू द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात सोलापुरातल्या एका बैठकीत एक अधिकारी म्हणाले, "माग आणि विडीवाल्यांच्या वस्तीत शिक्षणाची आवडच नाही." मी तिथंच उठून बोलायला हवं होतं. बोलले नाही, म्हणून हे पत्र.

माझी आई विड्या वळायची. सकाळी कारखान्यात माल द्यायचा, तपासणीत काही विड्या बाद झाल्या की तेवढी मजुरी बुडायची, मग नवी पानं आणि तंबाखू घेऊन घरी. मी मदतीला बसले की सूप स्वतःकडे ओढून म्हणायची, "चदुवुको." अभ्यास कर. तिला स्वतःला ना तेलुगू वाचता येत होतं, ना मराठी. सोलापूरच्या पूर्वभागात, म्हणजे माग आणि विडीवाल्यांच्या या तेलुगू बोलणाऱ्या वस्तीत, आजही घरोघरी हा शब्द ऐकू येतो.

दक्षिण कोरियात दर नोव्हेंबरात विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा असते. इंग्रजी ऐकण्याची चाचणी चालू असताना देशभर विमानं उडत नाहीत, उतरत नाहीत. मुलं रस्त्यात अडकू नयेत म्हणून कचेऱ्या तासभर उशिरा उघडतात. त्या परीक्षेपायी तिथली मुलं रात्र रात्र क्लासमध्ये पिचतात, ते मला आपल्याकडे मुळीच नको. पण पोराला ऐकू यावं म्हणून सगळा देश गप्प बसतो, हे वाचलं तेव्हा मला माझ्या वर्गातली दहावीची मुलं आठवली.

एकाच खोलीत राहणं. भिंतीपलीकडे रात्रपाळीचा माग. तो थांबवा असं मी म्हणणार नाही, त्याच्यावरच घर चालतं. पण त्याच गल्लीतली महापालिकेची शाळा संध्याकाळपासून कुलूपबंद असते. बाकं आहेत, पंखे आहेत, शांतता आहे.

साहेब, पूर्वभागातल्या शाळांचे दोन-दोन वर्ग रोज सात ते दहा अभ्यासिका म्हणून उघडे ठेवण्याचा आदेश काढा. हे काम शिक्षकांवर टाकू नका. निवडणूक आणि जनगणना त्यांच्याकडे आहेच. वस्तीतल्याच एखाद्या पदवीधर मुलीला मानधन द्या. मुलींना घरापर्यंत सोडायला कुणीतरी हवं, नाहीतर आया पाठवणार नाहीत.

दिवाळीनंतर लगेच सुरू झालं, तर यंदाच्या दहावीला उपयोग होईल.

आपली नम्र,
एक शिक्षिका, सोलापूर