तुझे हात इकडे पाठव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

"पियानो घेतलास म्हणे, पण तुला वाजवता कुठे येतो?" असं तू विचारलंस. नाही येत. हा पियानो आपला आपणच वाजतो, आणि म्हणूनच आज फोन न करता सविस्तर लिहायला बसलोय. तुझ्याकडे एक मागणंही आहे, पण ते शेवटी.

दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या एक आजी घर आवरून लहान जागेत राहायला गेल्या. जो उचलून नेईल त्याला पियानो फुकट, असं त्यांनी सांगितलं होतं. उभा पियानो, यामाहाचा डिस्क्लाव्हियर, नव्वदच्या दशकातला. दोनशे किलोंच्या वर वजन, चार माणसं लागली. सोबत बुटांच्या खोक्यात पंचवीसेक फ्लॉप्या आल्या. दिसायला चारचौघांसारखाच पियानो. मात्र प्रत्येक पट्टीच्या मागच्या टोकाखाली एक विजेचं गुंडाळं बसवलेलं आहे. त्यात करंट आला की आतली दांडी वर उसळते, पट्टी खाली जाते, हातोडी तारेवर पडते. आवाज स्पीकरचा नाही, खऱ्या तारेचा. पहिल्या रात्री मी दिवे मालवून, माणूस नसताना खाली-वर होणाऱ्या त्या पट्ट्या नुसत्या बघत बसलो होतो.

जुन्या फ्लॉप्यांपैकी निम्म्या उघडल्याच नाहीत. तीस वर्षांत त्यांच्यावरचं चुंबक विरून गेलेलं. मग म्हटलं, इंटरनेटवर एवढं संगीत पडलंय, तेच उतरवून वाजवू. घरी येणारा प्रत्येक जण म्हणायचा, यूट्यूबवरचं एखादं गाणं लाव की यात. त्यांना समजावता समजावता माझंच मला नीट कळलं. एमपीथ्री म्हणजे झालेला आवाज. पियानोला आवाज देऊन काय उपयोग? त्याला कृती हवी: कुठली पट्टी, कधी दाबायची, किती जोरात, कधी सोडायची. ती मिडी फायलीत असते. आपण शाळेत स्वरलिपी लिहायचो, तशीच ही लिपी. फक्त हिला बोटाचा जोरही आठवतो. मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे ६०, काळी एक म्हणजे ६१, आणि जोर १ ते १२७ मध्ये. एवढ्या आकड्यांत आख्खी मैफल मावते. माझ्या पियानोला चालते ती फ्लॉपी ७२० केबीची. तिच्यावर एमपीथ्रीचं जेमतेम पाऊण मिनिट बसेल, पण तासाभराचं वादन मिडीत सहज राहतं. १९८३ साली वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलावीत म्हणून ही भाषा ठरली. तिचा गाभा अजून तोच आहे, म्हणून तर आजची फाईल या म्हाताऱ्याला वाचता येते.

वाचता येते म्हणजे, बरेच उपद्व्याप केल्यावर. पहिली उतरवलेली फाईल लावली तर नुसता खर्ज. घुं, घुं, घुं, मध्येच गप्प, पुन्हा घुं. त्या फाईलमध्ये आख्खा वाद्यवृंद होता, सोळा वाटांवर, म्हणजे चॅनेलांवर, विभागलेला. माझा पियानो पहिल्या वाटेवरचं तेवढं वाजवतो आणि तिथे नेमका बेस बसला होता. पियानोचा भाग होता चौथ्या वाटेवर. तो लॅपटॉपवर उचलून पहिल्या वाटेवर आणला. तर ती नव्याने साठवलेली फाईल उघडेना, कारण लॅपटॉपने तिचे सगळे पदर वेगवेगळे ठेवले होते. जुन्या यंत्राला ते एकात गुंडाळून द्यावे लागतात. त्याला फॉरमॅट ० म्हणतात. एवढं करूनही यादीत नाव दिसेना. फाईलला मी दिलेलं नवं नाव आठ अक्षरांपेक्षा मोठं होतं! तीन संध्याकाळी गेल्या यात. शेवटी फ्लॉप्यांनाही कंटाळलो आणि त्यांच्या खाचेत बसणारी, पेनड्राइव्ह खुपसायची एक डबी लावली. पियानोला वाटतं फ्लॉपीच आहे.

पण खरी गंमत पुढेच आहे. फाईल चालली म्हणजे संगीत झालं असं नाही. इंटरनेटवरच्या बऱ्याच फायली कुणी वाजवलेल्या नसतातच. माउसने एकेक सूर कागदावर ठेवावा तशा मांडलेल्या असतात. प्रत्येक सुराचा जोर १००, प्रत्येक सूर मात्रेवर अगदी काट्याला काटा. स्पीकरवर ते एक वेळ चालून जातं. पण समोर खरा पियानो ते वाजवायला लागला की अंगावर येतं. सगळं बरोबर, आणि एकही सूर कुणाचा नाही.

याउलट एका रात्री एक फाईल लावली आणि मी खुर्चीत ताठ बसलो. इथे मिनेसोटात २००२ मध्ये पियानोची एक स्पर्धा सुरू झाली. स्पर्धक डिस्क्लाव्हियरवरच वाजवायचे आणि त्यांच्या वादनाच्या फायली लोकांना उतरवून घेता यायच्या. माझ्या घराजवळच्या एका सभागृहात कुणी पोरगी किंवा पोरगा घाबरत, सावरत जे वाजवून गेला, ते त्याच्या हातांसकट माझ्या दिवाणखान्यात चालू होतं. तान चढण्याआधी घेतलेला श्वास ऐकू येत होता. श्वास म्हणजे बोटांचा रे, दोन सुरांमधली ती किंचित ओढ. एका ठिकाणी डाव्या हाताचा एक सूर चुकला होता आणि तोही तसाच चुकला. तेवढ्या जागेसाठी मी ती फाईल चार वेळा ऐकली.

मग एक चमत्कारिक गोष्ट दिसली. अगदी हळुवार जागी पट्ट्या हलत होत्या, पण सूर येत नव्हता. ती फाईल नव्या, मोठ्या पियानोवर झालेली. त्यावर जो जोर पुसटसा सूर काढतो, तेवढ्याने माझ्या पियानोची हातोडी तारेपर्यंत पोचतच नाही. बोटं दिसतात, आवाज नाही. मला ते फार लागलं. लॅपटॉपवर खालचे आकडे तेवढे थोडे वर उचलले, वरचे तसेच ठेवले. आता सूर येतो. दुसऱ्याच्या वादनात हात घालणं मला पटत नाही, पण मुका सूर त्याहून वाईट. सूर लांबवणाऱ्या पेडलचंही तसंच. वाजवणाऱ्याने पाय अर्धाच दाबलेला असतो, माझ्या पियानोला अर्धं कळत नाही. फायलीतला पेडलचा आकडा ६४ च्या वर गेला की पूर्ण दाबलेलं, खाली आला की पूर्ण सोडलेलं. सूर एकमेकांत कालवले जातात. तिथेही आकडे बदलावे लागले.

हे वेड नवं नाही. १८९५ मध्ये एडविन व्होटी नावाच्या माणसाने पियानोपुढे सरकवायचं एक कपाट केलं. त्याचं नाव 'पियानोला'. भोकं पाडलेला कागद त्यातून सरकायचा, हवेच्या ओढीने लाकडी बोटं पट्ट्या दाबायची. पाय मारून भाता चालवायचा, अगदी तुझ्या पायपेटीसारखा! पुढे १९०४ मध्ये जर्मनीतल्या वेल्टे कंपनीने जोर आणि पेडलही कागदावर टिपायची युक्ती काढली. संगीतकार माहलरने १९०५ मध्ये त्यांच्याकडे चार रोल वाजवून ठेवले. त्याच्या हातचं एवढंच उरलंय. वेल्टेचे पुष्कळ रोल स्टॅनफर्ड विद्यापीठाने स्कॅन करून त्यांच्या मिडी फायली खुल्या केल्या आहेत. त्यातला एक मी वाजवून पाहिला. शंभरहून जास्त वर्षांपूर्वीचा हात, भोकांतून आकड्यांत, आकड्यांतून माझ्या पट्ट्यांवर. तो ऐकत असताना मला तूच आठवलास.

म्हणून आता मागणं. तुझ्या नातीसाठी घेतलेला कीबोर्ड घरात आहे ना? पट्टी जोरात दाबल्यावर आवाज मोठा होतो का ते बघ. होत असेल तर मागे यूएसबीची खाच असेल, ती लॅपटॉपला जोड. नातीला सांग, ती दहा मिनिटांत करेल. आणि वाजव. बोटांचे सांधे सकाळी आखडतात म्हणून पेटी कमी केलीस, असं वहिनी म्हणाल्या. त्या दिवसापासून हे डोक्यात आहे. रेकॉर्डिंग नको मला. फोनवर पाठवलेली आहेत माझ्याकडे, त्यांत कुकरच्या शिट्ट्याही आहेत. मला तुझा हात हवाय.

काही गोष्टी आधीच सांगून ठेवतो. पेटीत जोर भात्यातून येतो, बोटातून नाही. त्यामुळे तुझी बोटं सगळे सूर सारखेच दाबतील, तिकडे लक्ष दे. पेटीवर षड्ज धरून ठेवलास की भाता चालेल तोवर राहतो. पियानोवर तो लगेच विरायला लागतो, तेव्हा मधूनमधून पुन्हा छेड. पण एकच पट्टी फार पटापट नको. उभ्या पियानोची हातोडी तेवढ्या वेगाने परत येत नाही आणि मधले सूर गळतात. तुझ्या पेटीतला तो खास लावून घेतलेला उतरा गंधार इथे मिळणार नाही, पियानो सगळं समान अंतरावर लावलेला आहे. शिवाय इथल्या थंडीत हीटरने हवा कोरडी पडते आणि तो जरा उतरतो. खोलीत पाण्याचं यंत्र लावून ठेवतो मी. मींड तर पेटीतही नाही, आणि ती नसताना आहे असं वाटायला लावणं तुझ्याइतकं कुणाला जमलंय? तेच कर. काळी एकमध्ये वाजव, भैरवी असेल तर उत्तमच. चुकलास तर पुसू नकोस.

फाईल तशीच पाठव, गुंडाळायचं वगैरे मी बघतो. आठ अक्षरी नाव मी देईन. रविवारी सकाळी साडेनऊला फोन जवळ ठेव. आमच्याकडे शनिवारचे रात्रीचे दहा वाजलेले असतील. मी पियानोचं झाकण उघडून फोन समोर उभा करीन. पट्ट्या दिसतील तुला. पाचव्या-सहाव्या सुरापाशी तू नेहमी जरा थांबतोस, तिथे त्या थांबतात का ते दोघं मिळून बघू.

वहिनींना नमस्कार, नातीला आशीर्वाद.

तुझाच,
मिनेसोटावाला