माटोळीखालचे वाक्य

फोंडा

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

चतुर्थीला गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली नेवऱ्या खाताना तू म्हणालीस, "रक्त सांडल्याशिवाय क्रांती होत नाही", आणि दुसऱ्या दिवशी न बोलता दिल्लीची गाडी धरलीस. माझा राग कधीच गेला. ते वाक्य मात्र जात नाही.

समाजवाद, साम्यवाद, अराजकतावाद ही नावे तू एका दमात घेतेस. जमीन आणि कारखाने मूठभरांच्या हाती राहू नयेत, हे तिघांचेही म्हणणे. पण तिथवर जायचे कसे, यावरून ते एकमेकांपासून तुटले. कामगारांनी राज्यसत्ता ताब्यात घ्यावी, असे मार्क्स म्हणत होता. ती घेणारेच उद्याचे मालक होतील, ही अराजकतावादी बाकुनिनची भीती होती, आणि 1872 साली हेगच्या अधिवेशनात त्याला इंटरनॅशनल या कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेतून काढण्यात आले. 1917च्या रशियन क्रांतीत आघाडीवर असलेल्या क्रोनश्टाट बंदराच्या नाविकांनी 1921 साली सोव्हिएतांच्या, म्हणजे कामगार-सैनिकांच्या परिषदांच्या, नव्या निवडणुका मागितल्या, तेव्हा सत्तेवर आलेल्या बोल्शेविकांच्याच, म्हणजे साम्यवाद्यांच्याच, फौजेने त्यांना चिरडले. त्यांत तुझ्या वयाची पोरे असतील, असे सारखे मनात येते.

पुन्हा शिकवू लागले, क्षमा कर. पण आबांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. 18 जून 1946 रोजी ते मडगावला पोर्तुगीज राजवटीविरुद्धच्या सभेत भर पावसात उभे होते. पिस्तूल रोखणाऱ्या अधिकाऱ्याचा हात समाजवादी नेते राममनोहर लोहियांनी कसा बाजूला सारला, हे सांगताना आबा आपला थरथरता हात तसाच हवेत सरकवीत. लोहियांनाही क्रांतीच हवी होती, परंतु त्यांच्या समाजवादाची साधने फावडे, तुरुंग आणि मत ही होती, आणि त्यातला तुरुंग स्वतः भोगायचा होता, दुसऱ्याला दाखवायचा नव्हता.

हा मार्ग संथ आहे, हे मीही जाणते. आपल्या घराच्या जागेवरून पणजीआजीला भाटकार, म्हणजे जमीनमालक, केव्हाही उठवू शकत होता. भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा 1975 साली झाला, आणि तो पाहायला ती उरली नव्हती. म्हणून तुझी घाई मला कळते, तिचा अभिमानही वाटतो. मोर्चात जा, अटक झाली तर जामिनाला मी स्वतः येईन. परंतु रक्ताची भाषा करणाऱ्यांत तू बसतेस का, या विचाराने झोप लागत नाही.

नेवऱ्यांचा डबा आत्याबरोबर पाठवला आहे. ते वाक्य त्यानंतर कोणासमोर पुन्हा म्हणालीस का, तेवढे कळव.

तुझी,
आई