आधी कागद, मग समुद्राकाठचे घर

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरमहा दीड हजार डॉलर पेन्शन दाखवा आणि कॅरिबियन बेटावर निवांत राहा, अशा अर्थाच्या जाहिराती हल्ली ज्येष्ठांच्या मोबाइलवर फिरत असतात. हा आकडा डॉमिनिकन रिपब्लिकचा आहे आणि तो खरा आहे. तिथल्या 2007 च्या 171-07 क्रमांकाच्या कायद्याने परदेशी पेन्शनरांना 1,500 डॉलर मासिक पेन्शनवर, आणि सोबतच्या प्रत्येक अवलंबितासाठी आणखी 250 डॉलर दाखवल्यास, वास्तव्य परवाना मिळतो. मात्र जाहिरातीत घराचे बुकिंग आधी असते आणि परवाना नंतर. यात आपल्या लोकांची आयुष्याची पुंजी अडकू शकते, म्हणून हे पत्र.

पहिला अडसर 'पेन्शन' या शब्दातच आहे. दीड हजार डॉलर म्हणजे महिन्याला सव्वा लाख रुपयांच्या वर. सरकारी सेवेतल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना तेवढे पेन्शन असू शकते. खासगी नोकरी केलेल्यांचे ईपीएस (भविष्य निर्वाह निधीसोबतचे) पेन्शन 15,000 रुपये पगाराच्या मर्यादेवर मोजले तर 35 वर्षांच्या सेवेनंतरही 7,500 रुपयेच होते. त्यांची खरी मिळकत मुदत ठेवींचे व्याज आणि घरभाडे ही असते. तिला तो कायदा पेन्शन मानत नाही. त्यासाठी वेगळा वर्ग आहे आणि त्याची अट 2,000 डॉलरची आहे. चुकीच्या वर्गात अर्ज केला की तो परत येतो.

दुसरा अडसर नावाचा, आणि तो मराठी स्त्रियांना सर्वाधिक छळतो. स्पॅनिश पद्धतीत नावापुढे वडिलांचे आडनाव, मग आईचे आडनाव, आणि लग्नानंतर स्त्रीचे नाव बदलत नाही. आपल्याकडे जन्माच्या वेळची सुमन गणपत जाधव सासरी सुनंदा वसंत पाटील होते. कोतवाल बुकात तर नुसते 'मुलगी' लिहिलेले, तेही काही वेळा मोडीत. तिथल्या कारकुनाच्या दृष्टीने या दोन वेगळ्या बायका ठरतात. म्हणून जन्मदाखला, विवाह नोंदणी दाखला, नावबदलाचे राजपत्र आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र अशी साखळी जोडावी लागते. लग्नाची नोंद तेव्हा झाली नसेल तर आता करून घेता येते. जुने लॅमिनेट केलेले दाखले चालत नाहीत, कारण त्यावर शिक्का बसत नाही. नव्याने काढावेत. मग मंत्रालयातून राज्याचे साक्षांकन, त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून दिलेले प्रमाणपत्र), आणि स्पॅनिश भाषांतर अगदी शेवटी, कारण अपोस्टिलच्या मजकुराचेही भाषांतर लागते. पोलिसांचा दाखला थोडेच महिने चालतो, म्हणून बाकी सगळे हाती आल्यावरच त्यासाठी अर्ज करावा.

आता घर. तिथे जमिनीच्या कागदाचे दोन प्रकार भेटतात. एकात मोजणी होऊन तुकड्याचा स्वतंत्र उतारा निघालेला असतो, त्या मोजणीला 'डेस्लिंदे' म्हणतात. दुसरा 'कोन्स्तान्सिया अनोतादा', म्हणजे मोठ्या जमिनीतला अमुक चौरस मीटरांचा हिस्सा. सामाईक सातबाऱ्यावर नाव लागले तरी आपला तुकडा नेमका कुठला हे ठरलेले नसते, तीच गत. डेस्लिंदे नसेल तर विसार देऊ नये. जमिनीवर बोजा आहे की नाही याचा ताजा दाखला हक्कनोंदणी कार्यालयातून स्वतःच्या वकिलाने काढावा. विकणाऱ्याने सुचवलेला वकील हा विकणाऱ्याचाच असतो. हस्तांतरण कर 3 टक्के आहे, आणि पेन्शनर परवानाधारकाला पहिल्या घरावर त्यातून पूर्ण सूट आहे. परवान्याआधी घर घेतले तर ही सूट सहज हातची जाते.

भारतात राहत असताना माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. 10 लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर) कापते, तो पुढे आयकरात वळता होतो. परदेशातले घर विवरणपत्रात दाखवावेच लागते. एकदा स्थायिक झालात की बचत खाते एनआरओ (अनिवासी भारतीयांचे खाते) करावे लागते आणि मग त्या खात्याचे नियम लागू होतात.

नावावरून गोंधळू नये, डॉमिनिका हे वेगळे बेट आहे, तिथे पैसे भरून नागरिकत्वच विकत मिळते. ते घेतले की भारतीय नागरिकत्व गेले. ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या) कार्डावर कोकणात वडिलोपार्जित जमीन वारशाने ठेवता येते, नवी शेतजमीन विकत घेता येत नाही.

वादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर. सप्टेंबर 2022 मध्ये फियोना चक्रीवादळ डॉमिनिकन रिपब्लिकच्या पूर्व किनाऱ्यावरच धडकले, आणि पुंता काना हा पर्यटकांचा लाडका भाग तिथेच आहे. विमा घेताना वादळाची वजावट वाचावी. ती बहुधा नुकसानीवर नसते, विम्याच्या पूर्ण रकमेवर असते. घर दोन लाख डॉलरचे आणि वजावट 2 टक्के असेल, तर पहिले 4,000 डॉलर आपल्या खिशातून. साडेतीन हजारांचे छप्पर उडाले तर कंपनी काहीच देणार नाही.

वीजही वेगळी, 110 व्होल्ट आणि 60 हर्ट्झ. मिक्सर ट्रान्सफॉर्मर लावून चालतो, फ्रिज नेण्यात अर्थ नाही. वीज जाते, त्यामुळे भाड्याच्या घरातही इन्व्हर्टर आहे का हे विचारावे.

इथली मेडिक्लेम पॉलिसी बहुधा तिथे चालत नाही. तरी ती बंद करू नये, मोठ्या शस्त्रक्रियेला माणूस इथेच परततो, आणि पासष्टीनंतर नवी पॉलिसी मिळणे कठीण.

पहिली खेप भाड्याच्या घरात, आणि तीही ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात काढावी. डिसेंबरात सगळीच बेटे सुंदर दिसतात. तोवर इथला फ्लॅट विकू नये, आणि इथले सिमकार्ड रोमिंगवर चालू ठेवावे. बँकेचा ओटीपी त्यावरच येतो, आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला वेळेवर गेला नाही तर ज्या पेन्शनवर परवाना मिळाला तेच थांबते.

आपला,
एक वाचक, पुणे